मालनचे घास

मालन गेल्याची बातमी मला माझ्या मुलीने पुण्याहून सांगितली. मी कोल्हापुरात, मालनच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, दुपारच्या चहाचं आधण ठेवून उभी, आणि फोनवर अनघा रडत होती. "आई, कांबळे बाई गेल्या." मी विचारलं, "कुठे गेल्या?" खरंच तसं विचारलं. आदल्याच दिवशी शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर मालनने मला गेटपाशी अडवून माझ्या साडीला नावं ठेवली होती. "ह्यो रंग तुला शोभत न्हाय विजे, मला देऊन टाक," असं म्हणत ती पदर हातात घेऊन बघत होती. रविवारी सकाळी डोकं दुखतंय म्हणून दवाखान्यात नेली आणि दुपारी संपली. मेंदूत रक्तस्राव झाला म्हणे. मी गॅस बंद केला आणि तशीच चपला अडकवून धावले. तिच्या दारात माणसं जमलेली बघून मला रडू यायच्या आधी जे आलं, ते सांगते. मालनबद्दल लिहायला बसून गुळमुळीत लिहिलं तर ती मला सोडणार नाही. मला राग आला. एका स्टाफरूममध्ये इतकी वर्षं शेजारी शेजारी बसलो, एका डब्यातलं खाल्लं, आणि बातमी आधी पुण्याला? नंतर कळलं की तिच्या यजमानांनी, दिनकर भाऊजींनी, तिचा मोबाइल हातात घेतला आणि वरून एकेक नंबर लावत गेले. यादी अक्षरांच्या क्रमाने. अनघाचा अ सगळ्यांत वर, माझ्या विजयाचा व पार तळाशी. हे कारण मी स्वतःला पुढे आठवडाभर समजावत होते.

त्याला आता दीड महिना होत आला. शाळेत शोकसभा झाली. सगळे चांगलं बोलले. मनमिळाऊ, हसतमुख, विद्यार्थिप्रिय... मलाही बोलायला सांगितलं होतं, मी घसा बसलाय म्हणून टाळलं. मनमिळाऊ माणसाबद्दल बोलायला काही लागत नाही. पण ज्या बाईचा मला जवळजवळ रोज हेवा वाटत आला, तिच्याबद्दल हार घातलेल्या फोटोसमोर उभं राहून काय बोलणार? तो हेवा तिच्याबरोबर जाईल असं मला वाटलं होतं. गेला नाही. उलट आता समोर कुणी नाही, म्हणून जास्तच कुरकुरतो.

आम्ही दोघी एकाच जूनमध्ये नोकरीला लागलो, नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं तेव्हा. आमची शाळा शहराच्या कडेला, जिथे घरं संपतात आणि उसाची शेतं लागतात तिथे. दोघींचाही विषय गणित. मी माहेरची साताऱ्याची, बी.एड.ला पहिली आलेली, बोलणं तोलूनमापून. मालन आजऱ्याकडच्या एका लहान गावातली. बोलणं अस्सल इकडचं, म्हणजे दोन वर्गांपलीकडे ऐकू जाणारं, आणि कोल्हापुरी बायका बोलतात तसं "मी आलो, मी गेलतो" करत. मुख्याध्यापकांनी मला अ तुकडी दिली आणि तिला ड. तेव्हा मला तिचा हेवा वाटायचं काही कारण नव्हतं. ड तुकडी म्हणजे उरलेली पोरं. तालमीत राहणारी, पहाटे जोर-बैठका मारून पहिल्या तासाला पेंगणारी. सीमेकडच्या गावांतून मामाकडे शिकायला आलेली, घरी कन्नड बोलणारी. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर येणारी आणि होळीच्या आसपास निघून जाणारी. एक मुलगी होती, संगीता, तिला फार कमी ऐकू यायचं. ती पहिल्या बाकावर बसून बाईंच्या तोंडाकडे बघत राहायची, आणि बाई फळ्याकडे वळल्या की तिचा तास संपायचा. माझ्या अ तुकडीत असलं काही नव्हतं. मी दारात पाऊल टाकलं की सत्तर पोरं गप्प. फळ्यावर एका झटक्यात हातानेच वर्तुळ काढायची, कंपासशिवाय, आणि मागे कुणीतरी "आईशप्पत" असं पुटपुटायचं. त्या पुटपुटण्यावर मी वर्षानुवर्षं जगले आहे.

मालनचा वर्ग मात्र कायम गजबजलेला. "गप्प बसा रं" हे ती एवढ्या मोठ्याने ओरडायची की आमचे वर्ग गप्प बसायचे, तिचा नाही. दुपारी डबा खाताना ती वैतागून म्हणायची, "एकाला शिकवालोय तर धाजणं मागं. मागच्यांस्नी घ्यावं तर पुढची पोरं जांभया देत्यात. कुणाला धरू?" मी सल्ले द्यायची. सल्ले द्यायला मला आवडायचं. सगळ्यांना एका वेगाने न्यायचं, जे मागे पडतील ते पडतील, निकाल पन्नास टक्क्यांच्या वर राहिला म्हणजे झालं. ती ऐकून घ्यायची आणि एकदाच तिने उत्तर दिलं. ती चौथीत असताना आईबरोबर सुगीला गेली होती. परत आली तेव्हा वर्ग पुढे निघून गेला होता. "मी गेलतो तवा पाचवा धडा चालू हुता, आलो तवा नववा. मधलं धडं मला अजून कुणी शिकवलं न्हाईत, विजे. बी.एड. झालो तरी." आणि भाकरीचा तुकडा माझ्या खर्ड्यात बुडवून हसली. मी पण हसले आणि खर्डा तिच्याकडे सरकवला.

दोन हजार सालानंतर कधीतरी शाळेत कुठल्याशा फंडातून संगणक आले. नारळ फुटला, हळदीकुंकू वाहिलं, शिवणाच्या बाईंनी प्रत्येक यंत्राला फुलाफुलांच्या कापडाचं आवरण शिवलं. खोलीबाहेर चपला काढायच्या, आत हात मागे बांधून उभं राहायचं आणि लांबून बघायचं. मुख्याध्यापकांनी विचारलं, "खोलीची जबाबदारी कोण घेणार?" सगळा स्टाफ एकदम आपापल्या चपलांकडे बघायला लागला. मालनने हात वर केला. मला वाटलं, बरं झालं, हिला वर्ग सांभाळता येत नाही, निदान यंत्रं तरी सांभाळेल. शनिवारी दुपारी स्टँडजवळच्या एका क्लासमध्ये कॉलेजच्या पोरांच्या शेजारी बसून ती शिकली. तिथली पोरं तिला काकी म्हणायची. आम्ही स्टाफरूममध्ये तिची भरपूर थट्टा केली आणि तीही आमच्याबरोबर हसायची.

मग तिने धडे करायला घेतले. अख्खा धडा नाही, त्याचे तुकडे. त्यांना ती घास म्हणायची. एका घासात एकच गोष्ट. अपूर्णांक शिकवायचा तर उसाचं चित्र, त्याची सारखी कांडी, त्यातली दोन खाल्ली, किती राहिली... तीन-चार मिनिटांत संपलं. खाली काही प्रश्न. उत्तर बरोबर आलं तर पुढचा घास, चुकलं तर यंत्र लाल फुली दाखवायचं नाही. तीच गोष्ट दुसऱ्या चित्राने सांगणाऱ्या घासाकडे न्यायचं. तेच घास तिने संगीतासाठी आवाजाशिवाय केले, मोठ्या अक्षरांत, बाणांनी आणि चित्रांनी. सीमेकडच्या पोरांसाठी त्यांच्यातल्याच एका मुलीला माइकसमोर बसवून कन्नडमधून केले. पोरगं टोळीबरोबर गेलं आणि पुढच्या दिवाळीला परत आलं, तर त्याच्या नावापुढे तो कुठल्या घासावर थांबला होता ते दिसायचं आणि तो तिथून पुढे सुरू करायचा. तालमीतली पोरं दुपारी डोळे चोळत यायची, सकाळी झोपेत गेलेलं परत ऐकायची. सगळ्या वर्गाने एकाच दिवशी एकाच पानावर असलं पाहिजे, ही जी मी माझ्या गुरूंकडून शिकलेली पहिली गोष्ट, ती तिने सरळ उचलून बाजूला ठेवली. कुणाला विचारलंसुद्धा नाही.

मला ते आवडलं नाही. आवाज तिचाच, बोलणंही तिचंच, "आता बघा हां, वरचा आकडा काय सांगतोय" असलं. मी म्हटलं, पाठ्यपुस्तकाची भाषा वापर की जरा. ती म्हणाली, "पुस्तक हाय की पुस्तकाच्या भाषेला." ड तुकडीचा निकाल हळूहळू वर चढायला लागला आणि मी दर वेळी आधी तिचा निकाल बघायला लागले, मग माझा. पुढे नेट आलं तसे हे घास तिने एका जुन्या विद्यार्थ्याच्या मदतीने नेटवर चढवले. शाहूवाडीच्या डोंगरात एका शाळेला गणिताला शिक्षकच नव्हता. तिथले भूगोलाचे सर बाजाराच्या दिवशी नेट कॅफेत बसून घास उतरवून घ्यायचे आणि सीडीवर न्यायचे, कारण गावात लाइट कधी असेल याचा भरवसा नसायचा. त्यांच्याकडे पावसाळ्यात ओढे भरले की निम्मी पोरं येत नाहीत, म्हणून त्यांनी सोपी आणि घरी करण्याजोगी गणितं पावसाळ्यात घेतली आणि भूमिती थंडीत. आजऱ्याच्या एका बाईंनी वेगळाच क्रम लावला. तिथल्या मुली काजूचा हंगाम आला की आईबरोबर कामावर जातात, म्हणून त्यांनी अवघड बीजगणित आधीच उरकून घेतलं. मालनला हे सांगताना भरून यायचं. "घास तेच, ताट ज्याचं त्यानं वाढून घ्यायचं," असं म्हणायची. मला मात्र फक्त एवढंच ऐकू यायचं, की आजऱ्यात आणि शाहूवाडीत कुणीतरी हिचं नाव घेतंय. माझं नाव गेटच्या बाहेर कुणाला माहीत होतं?

वर्तमानपत्रात तिचा फोटो आला तेव्हा तर कहर झाला. संगणकासमोर मालन, तिच्यामागे पोरं, आणि कडेला कुणाचा तरी कोपर. तो माझा. फोटो काढताना मी मुद्दाम तिथे उभी राहिले होते आणि फोटोग्राफर "मॅडम, जरा बाजूला" म्हणाला होता. मालन तो अंक घेऊन स्टाफरूमभर नाचली. "विजे, बघ, तुझा कोपर किती झ्याक आलाय!" सगळे हसले, मीही हसले आणि घरी जाऊन भांडी जरा जोरातच आपटली. माझे यजमान म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, कोपर दुखतोय."

पण खरा घाव बसला तो अनघाचा. अनघा माझी एकुलती एक मुलगी, आमच्याच शाळेत नववीत, अ तुकडीत, म्हणजे गणिताला माझ्याच हाताखाली. आणि गणितातच मागे. मी घरी तिला घेऊन बसायची. "कळलं?" म्हटलं की ती "हो" म्हणायची आणि पेपरात कोरं. मी पुन्हा समजवायची, आवाज चढायचा, ती पुन्हा "हो". तिचा तो "हो" ऐकला की मला माझीच चीड यायची. मग सहामाहीनंतर तिचे गुण वाढायला लागले. मी खूश. गल्लीत सांगत सुटले, शेवटी लेक कुणाची आहे! एका दुपारी मुख्याध्यापकांचा निरोप द्यायला मालनला शोधत संगणकाच्या खोलीत गेले, तर कोपऱ्यातल्या यंत्रासमोर अनघा, कानाला हेडफोन. समोर उसाची कांडी. पाचवीचे अपूर्णांक! माझी मुलगी, शिंदे बाईंची मुलगी, नववीत, पाचवीचे घास खात बसली होती. आणि तोंडावर जे हसू होतं ते माझ्यासमोर पुस्तक उघडल्यावर मी कधीच बघितलं नव्हतं.

मी मालनला व्हरांड्यात गाठलं. काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही, पण "माझी मुलगी माझ्यापासून चोरलीस" एवढं नक्की बोलले. ती एरवी एका वाक्याला चार वाक्यं ऐकवणारी बाई, त्या दिवशी भिंतीला टेकून माझं सगळं ऐकून घेत राहिली. मी थांबल्यावर म्हणाली, "चोरायला ती काय कैरी हाय व्हय? तिचं पाचवीतच अडकलंय, विजे. तवापासनं तिनं कुणाला सांगितलं न्हाय. तुला कसं सांगंल? तू शिंदे बाई. तुझ्याम्होरं तिला चुकायला येत न्हाय. त्या यंत्राला काय, ते कुणाची लेक म्हणून इचारत न्हाय." मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तिनं शपथ घातलीती. आनि मी सांगितलं आसतं तर तू तिला घरी पाचवीचं पुस्तक घेऊन बसवली आसतीस." तेही खरंच होतं. मी बसवलीच असती, त्याच संध्याकाळी.

मी कितीतरी दिवस मालनशी कामापुरतं बोलले. मुलगी पास होतेय याचा आनंद व्हायला हवा होता, तो झालाही; पण आईच्या हातचं न जेवणारं लेकरू शेजारणीकडे ताट पुसून खातं तेव्हा आईला जे वाटतं, तसं वाटायचं. अनघा दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली. पेढे घेऊन आधी कुणाकडे गेली ते सांगायला नको. पुढे इंजिनिअरिंगला पुण्याला गेली, तरी सुट्टीत आली की मालनच्या खोलीत. नेटवरचे घास नीट लावायचं, बिघडलं तर दुरुस्त करायचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं. दोघी तासन्‌तास काहीबाही करत बसायच्या, आणि मी आपली दारातून विचारायची, "जेवायला येणार आहेस का?"

आमचा अबोला मात्र त्याच्या आधीच मालनने मोडला होता. एका शनिवारी मला हाताला धरून खोलीत घेऊन गेली आणि म्हणाली, "प्रमेयाचे घास तू करायचे. माझ्यानं व्हायनात." मी म्हटलं, "का? तुझ्या आवाजावर पोरं फिदा आहेत." तेव्हा तिने जे सांगितलं त्याची मला कल्पनाच नव्हती. म्हणाली, "मी तुझ्या वर्गाभाईर किती डाव हुबा राहिलोय तुला ठावं हाय? तू आत शिरलीस की सत्तर पोरं गप्प हुत्यात. मला जलमात जमलं न्हाय ते. लई जळलो मी तुझ्यावर. वर्ग हातात येईना म्हणून तर ह्यो यंत्राचा नाद धरला. न्हायतर मला काय गरज हुती?" एवढं बोलून तिने माइकवरची धूळ पदराने पुसली आणि माझ्यासमोर सरकवला. इतक्या सहज! मी तिच्यावर इतकी वर्षं जळत होते ते एका शब्दाने कुणापाशी बोलले नव्हते, आणि ही बाई मशेरी लावावी तशी सांगून मोकळी झाली. मला त्या क्षणी त्या सहजपणाचाही हेवा वाटला. "मी पण," एवढे दोन शब्द मी बोलायला हवे होते. मी म्हटलं, "कुठलं प्रमेय घेऊ?"

आणि मग माझी जी फजिती झाली ती शाळेत अजून सांगतात. समोर वर्ग नाही म्हणजे मला बोलताच येईना. शेवटी मी हातात खडू घेतला, उभी राहिले, समोर सत्तर पोरं आहेत असं धरून सुरुवात केली, आणि रंगात आले. मधेच माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "ए, खिडकीतला! बाहेर काय बघतोस? इकडे बघ!" खोलीत मी, मालन आणि आवरणं घातलेले संगणक. मालन टेबलावर डोकं ठेवून हसत राहिली, डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. मी म्हटलं, पुसून टाक ते. तिने पुसलं नाही. तसाच तो घास नेटवर चढवला. पुढे शाहूवाडीच्या सरांचा फोन आला. तिकडे घास ऐकताना एक पोरगं खरंच खिडकीबाहेर बघत होतं, ते दचकून सरळ बसलं आणि विचारायला लागलं, बाईंना कसं दिसलं? त्या शाळेत तो घास सगळ्यांत जास्त वेळा ऐकला गेला. मी मालनला म्हटलं, प्रमेयासाठी ऐकत नाहीत, माझ्या ओरडण्यासाठी ऐकतात. ती म्हणाली, "ऐकू देत की. त्या पोरांस्नी गणितात वरडायला आजवर कोन हुतं?"

त्यानंतरची वर्षं बरी गेली. मी आणखी काही घास केले. ते माझ्या आवाजात आहेत, नीट आहेत, शुद्ध आहेत, आणि तिच्याइतके कुणी ऐकत नाही. दर महिन्याला कुठला घास किती जणांनी उघडला ते अनघाने केलेल्या पानावर दिसायचं आणि मी ते गुपचूप बघायची. मालन कधी बघायची नाही. तिला त्याचं काही वाटायचंच नाही, आणि हेच मला सगळ्यांत जास्त खुपायचं. हेवा करायचा तर समोरच्यानेही थोडी स्पर्धा करावी ना? ही बाई पळतच नव्हती आणि तरी पुढे होती.

ती गेल्यानंतर शाळा पुन्हा रुळावर आली तेव्हा मुख्याध्यापकांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "संगणकाची खोली आता तुमच्याकडे, बाई. दुसरं कोण बघणार?" हीच खोली मला हवी होती. फोटो आला त्या वर्षापासून मनातून हवी होती. मी "बरं" म्हटलं आणि चार-आठ दिवस तिकडे फिरकलेच नाही. शिपायाकडून उघडून घेत होते, बंद करून घेत होते. मग मागच्या बुधवारी दुपारी गेले. चपला बाहेर काढल्या, आता त्या कुणी काढायला सांगत नाही तरी. दार ढकललं.

आत ड तुकडी. प्रत्येक यंत्रापुढे दोघं-दोघं, कानांना हेडफोन. कुणी भागाकारावर, कुणी कोनांवर, एक जण चक्क मागे, सातवीच्या घासावर. मी दारात उभी राहिले. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी वर्गाच्या दारात उभी राहिले आणि कुणी उठलं नाही, असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी एकाही पोराने मान वर केली नाही. खोली शांत होती. माझ्या वर्गासारखी शांत... मालनला जी शांतता कधी मिळाली नाही म्हणून ती माझ्या दाराबाहेर उभी राहायची, ती इथे तिच्या माघारी पसरली होती, आणि तिच्यासाठी. मी गेले की माझा फळा दुसऱ्या दिवशी पुसला जाईल. दुसरी बाई येईल आणि कंपासने वर्तुळ काढेल. ही मात्र तिकडे डोंगरात, इकडे आजऱ्यात आणि या खोलीत, इतक्या पोरांच्या कानात एकाच वेळी बोलत बसली आहे, आणि प्रत्येकाला वाटतंय की बाई आपल्या एकट्याशीच बोलताहेत. मला रडू आलं. त्यात दुःख किती होतं आणि हेवा किती, ते मला सांगता येणार नाही.

कडेच्या यंत्रावर एक मुलगी एकटीच होती. या वर्षी टोळीबरोबर आलेली, अजून शाळेला बुजणारी. तिने माझ्याकडे बघितलं आणि हळूच हात केला. "बाई, ह्ये मला समजंना झालंय." मी डोळे पुसले आणि जवळजवळ धावतच गेले. तिच्या शेजारी स्टुलावर बसले. पडद्यावर त्रिकोण होता. त्रिकोण! माझा हातखंडा. मी पदर खोचला, टेबलावर बोटानेच आकृती काढत सुरुवात केली, "हे बघ बाळ, हा शिरोबिंदू..."

तेवढ्यात पडद्यावर दुसरं चित्र आलं आणि तिने एक हात वर केला. दुसऱ्या हाताने हेडफोन कानावर घट्ट दाबून धरला होता.

"थांबा बाई," ती म्हणाली, "आधी कांबळे बाईंचं बोलून हुं दे."

मी थांबले.